मृगातील तेजोमेघ आणि पुण्याचे नायगमवाला

देवळा परिसरात हिवाळ्याच्या रात्री कांद्याला पाणी भरणाऱ्या शेतकऱ्याला मृग नक्षत्राची ओळख करून द्यावी लागत नाही. बाणाच्या तीन ताऱ्यांखाली दिसणारा अंधुक ठिपका म्हणजे नवे तारे जन्माला घालणारा विशाल तेजोमेघ होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच तेजोमेघाच्या प्रकाशाचा पुण्यातून वेध घेणारे शास्त्रज्ञ होते कावसजी दादाभाई नायगमवाला.

१८५७ मध्ये पारशी कुटुंबात जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि तेथेच भौतिकशास्त्राचे अध्यापक झाले. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये दिलेल्या पाच हजार रुपयांच्या देणगीत सरकारने तेवढीच भर घातली. या निधीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात १८८८ मध्ये महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तिची धुरा नायगमवाला यांच्याकडे आली.

त्या काळी सर नॉर्मन लॉकयर यांच्या मताचा दबदबा होता. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे असून त्यांच्या वर्णपटातील प्रमुख हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे ते मानत. तसे असते, तर ती रेषा एका बाजूने धूसर दिसायला हवी होती. नायगमवाला यांना मात्र ती सर्व परिस्थितींत बारीक आणि रेखीवच आढळली. १८९१ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्येष्ठांच्या मतापेक्षा त्यांनी डोळ्यांना दिसलेल्या रेषेवर विश्वास ठेवला. ही रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले.

२२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून त्यांनी खग्रास सूर्यग्रहणाचा यशस्वी वेध घेतला. परंतु वेधशाळेचा सारा भार एकट्या व्यक्तीवर होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद पडली. २० इंची दुर्बिणीसह उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. १९३८ मध्ये नायगमवाला यांचे निधन झाले.

तेजोमेघात घन कण नाहीत, असे मात्र नव्हे. १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने याच तेजोमेघात तरुण ताऱ्यांभोवती धुळीच्या काळ्या तबकड्या टिपल्या. त्यांतील सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून वाढतात आणि पुढे त्यांतूनच ग्रह घडतात. ही धूळ थंड असल्याने तिचा वेध मिलिमीटर लहरींतून घ्यावा लागतो. चिलीतील अल्मा दुर्बिणीने २०१४ मध्ये वृषभ तारकासमूहातील एका तरुण ताऱ्याभोवतीची धुळीची कडी स्पष्ट दाखवली. साधने बदलली, तरी दिसले तेवढेच नोंदवण्याची नायगमवाला यांची शिस्त आजही या संशोधनाचा पाया आहे.