तानाका शोझो : एका नदीचा माणूस

आधी एक कबुली देते. पर्यावरणाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकाने आपल्या गावचं पाणी आणायचं होतं. मी हट्ट्याहून (ता. वसमत) आमच्या विहिरीचं पाणी आणलं, पण लॅबमध्ये उशिरा पोचले आणि मैत्रिणीचं रीडिंग बघून जर्नल भरलं. सरांच्या लक्षात आलं. ते रागावले नाहीत. खाणीच्या खालच्या गावात राहत असतीस तर असं केलं असतंस का, एवढंच विचारलं आणि तानाका शोझो यांच्याबद्दल वाचायला सांगितलं.

आपल्याकडे हे नाव फारसं माहीत नाही, पण जपानमध्ये ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. 1841 साली आजच्या तोचिगी प्रांतातल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडिलांनंतर तेही गावचे मुखिया झाले आणि जमीनदाराच्या जुलमाविरुद्ध बोलले म्हणून तरुणपणीच तुरुंगात गेले. 1890 मध्ये जपानची पहिली संसद भरली, तेव्हा ते निवडून आले.

त्यांच्या भागातून वातारासे नदी वाहते. तिच्या उगमाकडच्या डोंगरात आशिओची तांब्याची खाण होती. 1877 साली फुरुकावा इचिबेई यांनी ती घेतली आणि उत्पादन झपाट्याने वाढलं. खनिजात गंधक होतं. उघड्यावर टाकलेल्या कचऱ्यावर हवा-पाऊस लागला की आम्ल तयार होतं आणि तांबं विरघळून नदीत उतरतं. भट्ट्यांच्या धुराने डोंगरावरचं जंगल जळालं, म्हणून पूरही वाढले. आधी मासे मेले. 1890 च्या पुरानंतर शेतं नापीक झाली.

पण पिकं खाणीमुळेच गेली हे सिद्ध कसं करणार? शेतकऱ्यांनी नमुने तपासायला दिले. टोकियोच्या कृषी महाविद्यालयातल्या कोझाई योशिनाओ यांनी तपासणी करून तांबं हेच कारण असल्याचं सांगितलं. 1891 मध्ये तानाकांनी हा प्रश्न थेट संसदेत मांडला आणि पुढे वर्षानुवर्षं मांडत राहिले. सरकारला मात्र तांबं हवं होतं. 1897 मध्ये खाणीला गाळ बसवायची तळी आणि गाळण्या बांधायचा हुकूम निघाला, तरी विष थांबलं नाही. 1900 मध्ये टोकियोकडे निघालेल्या शेतकऱ्यांना पोलिसांनी मारहाण करून पकडलं.

1901 मध्ये तानाकांनी खासदारकी सोडली. 10 डिसेंबरला, वयाच्या साठाव्या वर्षी, ते अर्ज घेऊन सम्राटाच्या बग्गीकडे धावले. पोलिसांनी धरलं, पण वेडा ठरवून सोडून दिलं. पुढे पुराचं पाणी साठवण्यासाठी यानाका गाव उठवायचं ठरलं, तेव्हा 1904 मध्ये ते तिथेच राहायला गेले. 1907 मध्ये उरलेली घरं पाडली, तरी ते गावकऱ्यांबरोबर राहिले. शेवटची वर्षं नद्यांच्या काठाने फिरून पाहणी करण्यात गेली. 4 सप्टेंबर 1913 ला ते वारले. मागे उरली फक्त एक झोळी. तिच्यात डायरी, बायबलचा नवा करार, राज्यघटना आणि काही गोटे!

खाण 1973 मध्ये बंद झाली. 1974 मध्ये शेतकऱ्यांना 155 कोटी येन भरपाई मिळाली. म्हणजे तानाका गेल्यानंतर तब्बल 61 वर्षांनी! आपल्याकडचा जलप्रदूषणाचा कायदाही 1974 चाच. आणि खाण बंद झाली म्हणून काम संपत नाही बरं का. 2011 च्या भूकंपात आशिओचा जुना कचऱ्याचा ढिगारा ढासळला आणि नदीत शिसं मर्यादेपेक्षा जास्त आढळलं. कोणीतरी मोजत होतं म्हणूनच ते कळलं.

आमच्या हट्ट्याकडे काळी जमीन आणि हळद, खाण नाही. पण आपल्यातले काहीजण उद्या चंद्रपूरच्या कोळशाच्या किंवा भंडाऱ्याच्या मँगनीजच्या खाणीत नोकरीला लागतील. खाणीच्या वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा असे पाण्याचे दोन नमुने घ्यायचं काम कदाचित त्यांच्याकडेच येईल. तिथे शेजाऱ्याचं रीडिंग उतरवून चालणार नाही, कारण खालच्या गावाकडे दाखवायला तेवढाच आकडा असतो.

पुढच्या सोमवारी मी विहिरीचं पाणी पुन्हा आणलं आणि स्वतः तपासलं. मैत्रिणीच्या आकड्याशी एकही आकडा जुळला नाही.