दाढेचा पू, गोळ्यांची पट्टी आणि अलेक्झांडर फ्लेमिंग

दाढ ठणकायला लागली की मोखाडा-जव्हारकडे काय आणि पुण्या-मुंबईत काय, आपण आधी दाताखाली लवंग धरतो. मग मेडिकलमधून गोळ्या. दोन दिवसांत ठणका थांबतो आणि दाढ विसरली जाते. त्या पट्टीत पुष्कळदा अमॉक्सिसिलिन असतं, म्हणजे पेनिसिलीनच्याच घराण्यातलं औषध. ते ज्यांना सापडलं त्या फ्लेमिंग यांची ही गोष्ट.

जन्म ६ ऑगस्ट १८८१, स्कॉटलंडमधल्या एका शेतकरी घरात. सात वर्षांचे असताना वडील गेले. पुढे लंडनला येऊन जहाज कंपनीत चार वर्षं कारकुनी केली. काकांचे थोडे पैसे वारशाने मिळाले म्हणून सेंट मेरीज हॉस्पिटलच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकता आली.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समधल्या लष्करी दवाखान्यात होते. जखमांवर जंतुनाशक ओतलं जायचं, तरी सैनिक मरायचे. फ्लेमिंग यांनी दाखवून दिलं की खोल जखमेच्या कानाकोपऱ्यात औषध पोहोचतच नाही. उलट शरीराच्या लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच त्याने मरतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, दाढेपाशी पुन्हा येणार आहे.

सप्टेंबर १९२८. सुट्टीवरून परतल्यावर जंतू वाढवलेल्या एका बशीत त्यांना बुरशी दिसली. तिच्या आजूबाजूचे जंतू विरघळले होते. बुरशीतल्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलीन नाव दिलं, पण ते शुद्ध करणं त्यांना जमलं नाही. ते काम दहा-बारा वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. शाळेच्या पुस्तकात ही मंडळी एका ओळीत उरकतात, हे काही बरं नाही.

१९४१ मध्ये जंतुसंसर्गाने मरणपंथाला लागलेल्या एका पोलिसाला हे औषध दिलं. तो सुधारू लागला. औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून वापरलं. तरी संपलं, आणि तो वाचला नाही. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून मिळालं. तेव्हाच्या भाषणात फ्लेमिंग यांनी बजावलं होतं की औषध अपुरं घेतलं तर जंतू त्याला दाद देईनासे होतील.

११ मार्च १९५५ ला लंडनमध्ये हृदयविकाराने ते गेले. त्याच वर्षी आपल्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं.

आता दाढ. कीड आतल्या नसेपर्यंत गेली की नस मरते आणि मुळाशी पू धरतो. मेलेल्या नसेत रक्त फिरत नाही, मग रक्तातून येणारं औषध तिथे पोहोचणार कसं? म्हणून नुसत्या गोळीने दाढ बरी होत नाही. सूज ओसरते, जंतू आत राहतात. पू काढून रूट कॅनल करणं किंवा दाढ उपटणं, हाच खरा उपचार. अँटिबायोटिकची गरज संसर्ग पसरला, ताप आला तर लागते, आणि तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच.

खालच्या दाढेचा पू कधीकधी जिभेखाली आणि गळ्यात उतरतो. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात. श्वासाची वाटच बंद होते. अँटिबायोटिक येण्याआधी असे निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. आजही उशीर झाला तर जीव जातो.

गालाची सूज गळ्याकडे सरकली, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, जीभ वर उचलली गेली किंवा दम लागू लागला, तर सकाळची एसटी येईपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करा. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. तिथून नाशिकला हलवायचं ठरलं तर घाटाचा वेळ हिशोबात धरावाच लागतो. आणि सुजेवर गरम शेक देऊ नका.