पाहुणीने पाहिलेली अमेरिका

विद्यार्थिमित्रांनो, समजा, तुमच्या घरी दूरच्या गावचे पाहुणे आले आहेत. चार दिवस राहून ते निघतात. जाताना ते सांगतात की तुमच्या घरातील माणसे फार प्रेमळ आहेत, पण बोलतात मात्र मोठ्याने. तुम्हाला नवल वाटते. आपला आवाज मोठा आहे हे तुमच्या कधी लक्षातच आलेले नसते! घरच्यांना जे रोजचे झालेले असते, ते पाहुण्यांच्या नजरेत चटकन भरते. जे घराचे, तेच देशाचे. अमेरिका या मोठ्या देशाला अशीच एक पाहुणी भेटली होती. तिने तो देश डोळसपणे पाहिला आणि जे पाहिले ते मराठीत लिहून ठेवले. त्या पाहुणीचे नाव पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. सह्याद्रीच्या दाट जंगलात त्यांचे घर होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, असे त्या काळी लोक मानत. अनंतशास्त्र्यांनी मात्र आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांचा रोष ओढवला, तरी ते डगमगले नाहीत. पुढे लक्ष्मीबाईंनी आपल्या रमेला शिकवले. हे कुटुंब एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला पायी जाई आणि पुराणे सांगून पोट भरी.

मग दुष्काळ आला. खायला अन्न मिळेना. १८७४ साली आईवडील दोघेही वारले आणि त्यांच्यामागून मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. दोघे बहीणभाऊ पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वीस वर्षांच्या या तरुणीचे संस्कृतचे ज्ञान पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण दुःखाने त्यांची पाठ सोडली नाही. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांच्या आत तेही वारले. पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

रमाबाई पुण्यास आल्या. स्त्रियांना शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी 'आर्य महिला समाज' स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि एका महाविद्यालयात संस्कृत शिकवले. त्यांच्या दूरच्या नात्यातील आनंदीबाई जोशी त्या वेळी अमेरिकेत डॉक्टरकी शिकत होत्या. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाचे निमंत्रण आले आणि रमाबाई अटलांटिक महासागर ओलांडून फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. त्या गेल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, पण राहिल्या जवळजवळ तीन वर्षे.

आता त्या काळची अमेरिका डोळ्यांपुढे आणा. इंग्रजांचे राज्य झुगारून हा देश १७७६ साली स्वतंत्र झाला होता. सर्व माणसे जन्माने समान आहेत, असे त्याने तेव्हाच जाहीर केले होते. आपला देश म्हणजे स्वातंत्र्याचे माहेरघर, येथे राजा नाही आणि रंकही नाही, असा अमेरिकन लोकांना मोठा अभिमान होता. ऑक्टोबर १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवीचा प्रचंड पुतळा उभा राहिला, तेव्हा तर हा अभिमान आणखीच वाढला.

रमाबाईंनी काय पाहिले? प्रथम त्यांनी चांगले पाहिले. मुलामुलींच्या शाळा पाहिल्या. शिक्षिका, डॉक्टर आणि लेखिका झालेल्या स्त्रिया पाहिल्या. स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या मोठमोठ्या संस्था पाहिल्या. फ्रान्सिस विलर्ड या बाईंनी दारूबंदीसाठी देशभर स्त्रियांची संघटना बांधली होती. तिचे काम पाहून रमाबाई प्रभावित झाल्या. लहान मुलांना खेळातून शिकवण्याची बालोद्यान पद्धती त्यांनी मुद्दाम शिकून घेतली. सामान्य माणसे एकत्र येऊन आपला कारभार आपण चालवतात, ही गोष्ट त्यांना सर्वांत जास्त आवडली. आपल्या देशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते, हे लक्षात घ्या.

पण पाहुणीची नजर तेथेच थांबली नाही. ज्यांची ती भूमी मुळात होती, त्या मूळ रहिवाशांवर गोऱ्या लोकांनी कसा अन्याय केला, हे रमाबाईंनी जाणून घेतले. काळ्या लोकांची गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती, पण गोऱ्यांच्या मनातील तिरस्कार संपला नव्हता. गुलामगिरीतून निसटून नंतर इतर अनेकांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन या शूर स्त्रीला रमाबाई भेटल्या. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा स्त्रीचा होता, पण देशातील बहुतेक स्त्रियांना मत देण्याचा हक्कच नव्हता. तो साऱ्या देशात मिळायला १९२० साल उजाडले. सुशिक्षित स्त्रिया टोपीवर मिरवण्यासाठी पक्ष्यांचे पंख लावत आणि त्यासाठी कितीतरी पक्षी मारले जात. शाकाहारी रमाबाईंना हे पाहून वाईट वाटले.

गंमत अशी की रमाबाई अमेरिकेला पाहत होत्या, तशी अमेरिकाही त्यांना पाहत होती. हिंदुस्थानातील स्त्री म्हणजे अडाणी आणि दुबळी, अशी तेथे पुष्कळांची समजूत होती. आणि व्यासपीठावर उभी राहत होती पांढरे लुगडे नेसलेली, संस्कृतची पंडिता! ती त्यांच्याच भाषेत सभा गाजवत होती. रमाबाईंनी तेथे आपल्याकडील बालविधवांचे हाल सांगणारे पुस्तक इंग्रजीत लिहिले. ते १८८७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टनमधील लोकांनी त्यांच्या नियोजित शाळेसाठी मंडळ स्थापन केले आणि दहा वर्षे पैसे पुरवण्याचे वचन दिले.

१८८९ मध्ये रमाबाई मुंबईस परतल्या. ११ मार्च रोजी त्यांनी 'शारदा सदन' ही शाळा उघडली. त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक निघाले. आज तुम्ही जी भाषा शिकत आहात, त्याच भाषेत ते लिहिलेले आहे.

येथे जरा थांबून विचार करा. शाळेचा पैसा अमेरिकेतून येत होता. रमाबाई नुसती स्तुती लिहून मोकळ्या होऊ शकल्या असत्या. त्यांनी तसे केले नाही. आपल्या देशाचे दोषही त्यांनी परक्यांपासून लपवले नाहीत. घरातील गोष्ट बाहेर सांगितली, म्हणून येथील काही लोक त्यांच्यावर रागावले. तुम्हाला काय वाटते? दोष झाकणारा आपल्या घरावर अधिक प्रेम करतो, की दोष दाखवून तो दूर करण्यासाठी राबणारा?

रमाबाई जन्मभर राबल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुलींना मरणाच्या दारातून परत आणले आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ती सदना'त आश्रय दिला. लहानपणी दुष्काळाने आपले आईवडील नेले, हे त्या विसरल्या नव्हत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे अमेरिकेवरील पुस्तक मराठीत असल्यामुळे अमेरिकन लोकांना ते वाचता येत नव्हते. २००३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. आपले पणजोबा आणि पणज्या एका मराठी पाहुणीला कशा दिसल्या, हे त्यांना तब्बल ११४ वर्षांनी समजले!

मित्रांनो, पाहुणाही कधी चुकतो. थोड्या दिवसांत त्याला सगळे घर कळत नाही. पण त्याचे बोलणे रागावून टाकून देऊ नये. ते आधी शांतपणे ऐकावे, मग आपल्या घरात एकदा नीट पाहावे.

स्वाध्याय

१. रमाबाईंना 'पंडिता' ही पदवी कोठे व का मिळाली?
२. अमेरिकन लोकांना आपल्या देशाबद्दल कोणता अभिमान होता?
३. रमाबाईंना अमेरिकेतील कोणत्या गोष्टी आवडल्या? कोणत्या खटकल्या?
४. तुमच्या गावाविषयी एखाद्या पाहुण्याने काय सांगितले, ते पाच-सहा वाक्यांत लिहा. ते तुम्हाला पटले का?