गेओर्ग फॉन बेकेशी

गेओर्ग फॉन बेकेशी (३ जून १८९९, बुडापेस्ट – १३ जून १९७२, होनोलुलू) हे हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ होते. ध्वनी आंतरकर्णात पोहोचल्यावर तेथे काय घडते, याचा उलगडा त्यांनी प्रयोगांद्वारे केला. या कार्यासाठी त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना कॉक्लियर इम्प्लांटच्या साहाय्याने बोलणे समजू शकते. त्यामागील एका मूलभूत तत्त्वाला बेकेशींच्या प्रयोगांनी भक्कम आधार दिला.

शिक्षण व दूरध्वनी प्रयोगशाळा

बेकेशींचे वडील राजनैतिक सेवेत होते. त्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण म्युनिक, कॉन्स्टँटिनोपल, बुडापेस्ट आणि झुरिक अशा अनेक शहरांत झाले. बर्न विद्यापीठात रसायनशास्त्राचा अभ्यास केल्यानंतर १९२३ मध्ये त्यांनी बुडापेस्ट विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते हंगेरीच्या टपाल खात्याच्या दूरध्वनी प्रयोगशाळेत दाखल झाले. बर्लिन येथील सीमेन्स कंपनीच्या प्रयोगशाळेतील सुमारे एका वर्षाचा अपवाद वगळता १९४६ पर्यंत ते तेथेच कार्यरत होते.

दूरध्वनी यंत्रणेत कोणती सुधारणा करावी, हा तेथील व्यावहारिक प्रश्न होता. तो सोडवायचा तर मानवी कानाची क्षमता आधी समजली पाहिजे, असे बेकेशींना वाटले. कानाचा पडदा तत्कालीन दूरध्वनीच्या पडद्यापेक्षा कितीतरी सरस असल्याचे त्यांना आढळले आणि ते कानाच्या अभ्यासाकडे वळले.

आंतरकर्णातील तरंग

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यातील बेसिलर पटलावर केशपेशींचे सूक्ष्म अवयव बसलेले असतात. हे पटल ताणलेल्या तारांसारखे असून प्रत्येक तार ठरावीक स्वराला झंकारते, असे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते.

बेकेशींनी मृत व्यक्तींचे आंतरकर्ण सूक्ष्म हत्यारांनी उघडले, त्यांतील पटलांवर चांदीचे बारीक कण टाकले आणि लुकलुकणाऱ्या प्रकाशात त्यांची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पटलाला छेद दिल्यावर त्याच्या कडा मागे सरकल्या नाहीत. म्हणजेच ते तारेसारखे ताणलेले नव्हते. ध्वनीमुळे पटलावर एक तरंग निर्माण होतो, तो पुढे सरकताना वाढत जातो, एका ठिकाणी कमाल उंची गाठतो आणि लगेच ओसरतो, असे त्यांना दिसले. वरच्या पट्टीतील स्वरांसाठी हे ठिकाण कॉक्लियाच्या तळाशी, तर खर्जातील स्वरांसाठी टोकाकडे असते. हे निष्कर्ष त्यांनी १९२८ पासून प्रसिद्ध केले. पुढे उंदरापासून हत्तीपर्यंत अनेक प्राण्यांच्या कानांतही त्यांनी हाच प्रकार पडताळून पाहिला.

स्वीडन आणि अमेरिका

१९४६ मध्ये बेकेशी स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेत गेले. तेथे त्यांनी नव्या प्रकारचा श्रवणमापक तयार केला. आवाज ऐकू येत असेपर्यंत रुग्ण बटण दाबून ठेवतो आणि ऐकू येईनासा होताच ते सोडतो. अशा रीतीने ऐकण्याच्या मर्यादेचा आलेख आपोआप उमटतो. १९४७ मध्ये ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात रुजू झाले. १९६० मध्ये त्यांच्या शोधनिबंधांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली. पुढील वर्षी ते हवाई विद्यापीठात गेले आणि अखेरपर्यंत तेथेच संशोधन करीत राहिले. ते अविवाहित होते. आपला कलावस्तूंचा संग्रह त्यांनी नोबेल प्रतिष्ठानला दिला.

सिद्धांताची मर्यादा

बेकेशींनी मृत कान तपासले होते आणि हालचाल दिसावी म्हणून अतिशय मोठे आवाज वापरले होते. त्यांना दिसलेला तरंगाचा उंचवटा पसरट होता. एवढ्यावरून जवळजवळचे स्वर कान वेगळे कसे ओळखतो, हे स्पष्ट होत नव्हते. जिवंत प्राण्यांवरील नंतरच्या प्रयोगांत हा उंचवटा बराच टोकदार आढळला. बाह्य केशपेशी स्वतः हालचाल करून मंद आवाज वाढवतात, हे त्यामागील कारण होय. बेकेशींच्या मृत्यूनंतर १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी निरोगी कानातून बाहेर पडणारे क्षीण ध्वनी नोंदवले. नवजात बालकांची श्रवणचाचणी आज याच ध्वनींच्या आधारे केली जाते.

कॉक्लियर इम्प्लांट व मुलांचे श्रवण

केशपेशी निकामी असल्या तरी श्रवणतंत्रिका शाबूत असू शकते. अशा वेळी कॉक्लियात इलेक्ट्रोडची बारीक माळ बसवून तंत्रिकेला थेट विद्युत् संदेश दिले जातात. ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे बहुइलेक्ट्रोड इम्प्लांट बसवले. कानामागील यंत्र आवाजाचे पट्ट्यांत विभाजन करते. वरच्या पट्ट्या तळाकडील इलेक्ट्रोडना आणि खालच्या पट्ट्या आतील इलेक्ट्रोडना दिल्या जातात. स्वर आणि स्थान यांचे बेकेशींनी दाखवलेले नाते येथे प्रत्यक्ष उपयोगात येते. उदाहरणार्थ, ‘साल’मधील ‘स’ची ऊर्जा ‘शाल’मधील ‘श’पेक्षा वरच्या पट्टीत असते, त्यामुळे या दोन वर्णांसाठी वेगवेगळ्या ठिकाणच्या इलेक्ट्रोडवर भर पडतो.

निरोगी कानातील सुमारे ३,५०० आंतर केशपेशींचे काम येथे सुमारे १२ ते २२ इलेक्ट्रोडना करावे लागते. रॉबर्ट शॅनन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की शांत जागी तीन-चार पट्ट्यांतूनही श्रोत्यांना बोलणे समजते. मात्र ते श्रोते भाषा आधीपासून जाणत होते. जन्मतः बहिऱ्या मुलाला त्या तुटक संदेशांतूनच भाषा घडवावी लागते. म्हणून लहान वयातील शस्त्रक्रिया, नियमित श्रवण-वाचा प्रशिक्षण आणि घरातील भरपूर संवाद यांना निर्णायक महत्त्व असते. इतके करूनही गोंगाटातील बोलणे आणि संगीतातील सूर ओळखणे या मुलांना कठीण जाते.

भारतात केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र बालकांना इम्प्लांटसाठी साहाय्य मिळते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाचा समन्वय करते.