जिलेबीचं वय शोधून काढणारा ग्रंथपाल : प. कृ. गोडे

१५ ऑगस्ट आला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. सकाळी झेंडावंदनानंतर जिलेबी आणि दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जिलेबीचा इतिहास’. जिलेबीचं नाव अरबी-फारसीतून आलं आणि पंधराव्या शतकात ती भारतात खाल्ली जात होती, हे तुम्हीही वाचलं असेल. पण हे शोधलं कुणी?

पुण्यातल्या एका ग्रंथपालाने. परशुराम कृष्ण गोडे त्यांचं नाव.

गोडेंचा जन्म १८९१ चा, कोकणातल्या देवरुखचा. १९१७ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. सरकारकडे असलेली हजारो जुनी हस्तलिखितं संस्थेकडे आली आणि ती सांभाळायला माणूस हवा होता. १९१९ मध्ये गोडे संस्थेचे क्युरेटर झाले आणि पुढची चाळीसेक वर्षं तिथेच राहिले.

राखणदार

ग्रंथपाल म्हटलं की आपल्याला किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसलेला कडक माणूस आठवतो. या नोकरीची सुरुवात खरंच तिथून होते. हस्तलिखिताची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही, गेलं ते गेलंच. त्यामुळे वाळवी, ओल आणि विसरभोळे वाचक या सगळ्यांवर नजर ठेवावी लागते.

वाटाड्या

पण कपाटात काय आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर जपून उपयोग काय? गोडेंनी हस्तलिखितांच्या वर्णनात्मक सूची तयार केल्या. अलंकार, संगीत आणि नाट्य या विषयांची सूची १९३६ मध्ये आली, नाटकांची १९३७ मध्ये. प्रत कुणाची, पानं किती, सुरुवात-शेवट काय, नक्कल कधी केली, अशी नोंद एकेका पोथीची. काम किचकट आणि टाळ्या न मिळणारं. पण नोंद नसलेली पोथी अभ्यासकासाठी हरवल्यासारखीच.

शोधक

नोंदी करता करता गोडे तारखांच्या मागे लागले. त्यांची पद्धत सोपी होती. पोथीवर नकलेचं साल असेल, तर मूळ ग्रंथ त्याच्या आधीचा. त्या ग्रंथात दुसऱ्याचा उल्लेख असेल, तर तो दुसरा आणखी आधीचा. अशा दोन टोकांमध्ये वर्ष पकडायचं.

हीच पद्धत त्यांनी रोजच्या वस्तूंना लावली. १९४३ च्या लेखात त्यांनी जिलेबीचा माग काढला. १४५० च्या आसपासच्या एका जैन ग्रंथात ती श्रीमंताघरच्या जेवणात सापडली. सतराव्या शतकातल्या ‘भोजनकुतूहल’मध्ये ती ‘कुंडलिका’ नावाने आहे, कृतीसकट. चष्मा भारतात कधी आला, फटाके कधीपासून उडतात, यावरही त्यांनी लिहिलं. असे शेकडो लेख झाले.

उतारवयात त्यांनी चिं. ग. कर्वे यांच्यासोबत आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी शब्दकोश वाढवून तीन खंडांत काढला. १९६१ मध्ये गोडे गेले.

राखणदार, वाटाड्या, शोधक. आधीचं काम न सोडता ते पुढच्या कामाकडे गेले. पोथ्या जपल्या म्हणून नोंदी झाल्या आणि नोंदी केल्या म्हणून जिलेबी सापडली.

आज ग्रंथपालाचं रूप आणखी बदललंय. महाबळेश्वरच्या वाटेवर, पाचगणीजवळचं भिलार २०१७ मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं. तिथे पुस्तकं गावकऱ्यांच्या घरात असतात. कुणीही आत यावं, बसावं, वाचावं. तिथला राखणदार म्हणजे त्या घरातली माणसं.

पण पुस्तक घरात असो की तिजोरीत, ते कुठे आहे हे सांगणारं कुणीतरी लागतंच. पुढच्या १५ ऑगस्टला जिलेबीचा मेसेज आला, तर पुढे पाठवताना त्यात गोडेंचं नाव तेवढं टाका.