ताराबाई मोडक

माझे मामा माटुंग्याला राहतात. तिथून जवळच दादरला ताराबाई मोडक यांनी १९३६ साली शिशुविहार काढले. त्यांचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. १९४५ साली त्या खेड्यातल्या मुलांसाठी बोर्डीला गेल्या. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. मग त्यांनी बालवाडीच अंगणात नेली. मुलं खडे मोजायची, शिंपले लहान-मोठे लावायची, पानाफुलांची नक्षी करायची. मोठ्या मुली भावंडं सांभाळायला घरी राहत. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच जागी भरवली. १९७३ साली ताराबाई वारल्या.

आई मजुरीला गेली की मीपण भावाला सांभाळते. त्याला चिंचोके मोजायला शिकवलं. पण माझी शाळा बुडते. आज आई भित्तिपत्रक बघायला येणार आहे. तिला मी हे वाचून दाखवीन.