चित्रकार टर्नर

इंग्लंडचा थोर चित्रकार टर्नर याचा जन्म १७७५ साली लंडन येथे एका न्हाव्याच्या घरी झाला. मुलाची चित्रे वडील मोठ्या अभिमानाने आपल्या दुकानात मांडीत. चौदाव्या वर्षी टर्नरला रॉयल अकादमीच्या कलाशाळेत प्रवेश मिळाला.

१८१६ च्या उन्हाळ्यात एका ग्रंथासाठी चित्रे काढावयास तो घोड्यावरून उत्तर इंग्लंडमध्ये हिंडला. आदल्या वर्षी सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्यामुळे त्या साली युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही. पावसाची झड लागलेली, वाटा चिखलाने भरलेल्या. परंतु टर्नर मागे फिरला नाही. भिजत, कुडकुडत त्याने पेन्सिलीने शेकडो रेखाटने केली व पुढे त्यांवरून जलरंगांत चित्रे रंगविली.

त्यांपैकी एक लून नदीच्या खोऱ्याचे आहे. संथपणे वळण घेणारी नदी, दाट झाडी आणि दूरवरचे डोंगर! त्या शांत देखाव्याकडे पाहताना चित्रकाराने सोसलेल्या पावसाची कल्पनाही येत नाही.

१८५१ साली टर्नर निवर्तला. त्याच्याजवळची शेकडो तैलचित्रे व हजारो रेखाटने पुढे ब्रिटिश राष्ट्राला मिळाली. न्हाव्याच्या मुलाचे धन असे साऱ्या राष्ट्राचे झाले.